गाडी ऑईल खाते? इंजिन खोलण्याआधी हे सगळं याच क्रमाने करा

गणपतीचे दिवस आले की रत्नागिरीतल्या आमच्या गॅरेजात एकाच तक्रारीच्या गाड्या रांगेने येतात. "मुंबईहून निघताना ऑईल फुल होतं, इथे पोचलो तर ऑईल मोजायच्या पट्टीला टेकतही नाही." बहुतेक गाड्या टर्बो पेट्रोलच्या, त्यातल्या निम्म्या जोर वाढवायला ट्यून केलेल्या. मालकांचा निकालही आधीच लागलेला असतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाहीतर टर्बो गेला. काहींनी तर जाड ऑईल भरूनही पाहिलेलं असतं.

यातल्या बऱ्याच जणांचे पैसे क्रम चुकल्यामुळे वाया जातात. आधी टर्बो बदलला, मग सील बदलली, मग हेड उतरवलं, आणि शेवटी दोष निघाला ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर काढणाऱ्या वाटेच्या, फाटलेल्या पडद्यात. म्हणून खालचे टप्पे पुढेमागे करू नका. प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं.

जोरकस इंजिनाच्या बाबतीत ही हयगय जास्त महागात पडते. ज्वलनकक्षात ऑईल गेलं की पेट्रोलची ठोका सहन करण्याची ताकद कमी होते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात तर कमी आरपीएमवर जोर लावताना ठिणगीच्या आधीच भडका उडू शकतो आणि एका दणक्यात पिस्टनची कड तुटते. शिवाय ऑईलमधला फॉस्फरस धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसत राहतो तो वेगळाच.

## तयारी

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, एक वही, गाडीत सध्या आहे तेच ऑईल दोन लिटर, मोठा पुठ्ठा, चांगली बॅटरी, ऑईलमध्ये टाकायचा चमकणारा रंग आणि त्याचा जांभळा टॉर्च, पारदर्शक प्लास्टिकची दोन-अडीच मीटर नळी, कॉम्प्रेशन गेज, आणि मोबाईलला जोडता येणारा बारीक कॅमेरा एवढं जमवा. लीक-डाऊन टेस्टर (सिलिंडरमधून किती हवा गळते ते दाखवणारा) आणि हवेचा कॉम्प्रेसर घरी नसला तरी चालेल, ते काम गॅरेजात करून घेता येतं. हे सगळं सामान एका टर्बोच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाही.

गाडीचं माहितीपुस्तकही जवळ ठेवा. ऑईलचा ग्रेड, पट्टी कशी वाचायची आणि किती ऑईल खपणं कंपनी मान्य करते, या तीन गोष्टी त्यात शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा.

## टप्पा १ : आधी मोजा

सर्वात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

आपल्याकडची अंगणं उताराची असतात, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. आज गाडीचं नाक रस्त्याकडे आणि उद्या घराकडे असेल, तर एकाच इंजिनाची पट्टी दोन वेगळे आकडे दाखवते. गवंड्याची लेव्हल घेऊन सपाट जागा शोधा, चारही टायरांच्या खुणा रंगाने करा आणि दर वेळी गाडी त्याच खुणांवर लावा. घरी सपाट जागा नसली तर पेट्रोल पंपावरचा काँक्रीटचा एखादा कोपरा ठरवून घ्या.

इंजिन गरम असताना बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. पुस्तकात वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. पट्टी पुसून पुन्हा घाला आणि काढून दोन्ही बाजू पाहा. ज्या बाजूला पातळी कमी दिसते ती खरी धरा. काही गाड्यांना पट्टीच नसते, फक्त स्क्रीनवर आकडा येतो. तिथेही गाडी सपाट आणि इंजिन गरम हवंच.

आता ऑईल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा. त्याच्या वर एक थेंबही नको. जास्त भरलं की क्रँक ते उडवते, फेस होतो, आणि तो फेस ब्रीदरवाटे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, ओढला जातो. "भरतो तेवढं पहिल्या आठवड्यात उडतं, मग थांबतं" असं सांगणारे बरेच जण खुणेच्या वर भरत असतात.

बहुतेक गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर मावतं, पण तुमच्या गाडीत किती ते पाव-पाव लिटर भरून एकदा पाहून ठेवा. वरून घातलेल्या ऑईलचा हिशेब डोळ्याने करू नका. डबा घालण्याआधी आणि घातल्यानंतर वजन करा. इंजिन ऑईल लिटरला साधारण ८५० ग्रॅम भरतं, म्हणजे ८५ ग्रॅम कमी झाले की १०० मिली गेलं.

किमान १००० किलोमीटर असं चालवा. दर २५०-३०० किलोमीटरला तारीख, किलोमीटर, पातळी आणि घातलेलं वजन लिहा. कोणता रस्ता होता तेही लिहा: हायवे, घाट की गावातले फेरे. शेवटी पातळी पुन्हा वरच्या खुणेवर आणा, एकूण घातलेले मिली भागिले किलोमीटर गुणिले १००० करा. हाच तुमचा आकडा.

अनेक कंपन्या १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो असं म्हणतात. माझा स्वतःचा ठोकताळा थोडा कडक आहे. १०० मिलीच्या आत असेल तर गाडी सुखाने चालवा. १०० ते ३०० मध्ये असेल तर टप्पा चारपर्यंत नक्की जा. ३०० च्या वर सगळे टप्पे करा, आणि अर्ध्या लिटरच्या वर असेल तर पुढचा लांबचा प्रवास पुढे ढकला.

फसवणारी गोष्ट. गावात बाजार, शाळा, बंदर असे तीन-चार किलोमीटरचे फेरे मारणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑईलमध्ये उतरत राहतं, आणि पातळी दोन-दोन महिने हलत नाही. कधी उलट वाढतेसुद्धा. मालक खूश असतो. मग एक दिवस गाडी मुंबईला निघते, चार तास इंजिन कडक तापतं, ते पेट्रोल-पाणी उडून जातं आणि पट्टी एकदम अर्ध्यावर येते. ऑईल त्या दिवशी जळलेलं नसतं, आधीच कमी होत आलेलं असतं. म्हणून मोजणी नवीन ऑईलवर आणि एखादा लांबचा फेरा झाल्यावरच सुरू करा.

तपासा. पट्टीला पेट्रोलचा वास येतो का? झाकणाखाली पिवळट मलई दिसते का? पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ती मलई दिसली म्हणून लगेच हेड गॅस्केट गेलं असं समजू नका. कूलंटची टाकी पाहा. तिथे पातळी स्थिर असेल आणि तेलाचा तवंग नसेल, तर गाडी तासभर हायवेला नेऊन आणा आणि झाकण पुसून पुन्हा बघा.

## टप्पा २ : बाहेरची गळती

"गळत नाही हो, जमिनीवर एक डागही नाही." हे वाक्य मी रोज ऐकतो. आताच्या गाड्यांना खालून प्लास्टिकची ढाल असते, ती ऑईल झेलून ठेवते. शिवाय काही गळत्या इंजिन चालू असताना, दाबाखालीच होतात. हिशेब करून पाहा. २० थेंब म्हणजे साधारण १ मिली. ताशी ५० च्या सरासरीने १००० किलोमीटरला २० तास लागतात. दर दहा सेकंदाला एक थेंब जरी पडला तरी त्या वीस तासांत ३६० मिली गेलं, आणि अंगणात डाग नाही.

ढाल उतरवा. इंजिन थंड असताना डीग्रीझर आणि ब्रशने धुवा. अल्टरनेटर, कॉइल, कनेक्टर प्लास्टिकने झाका आणि पाण्याचा जोर कमी ठेवा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा इंजिनावर मारू नका. आपल्या दमट हवेत कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही, आणि ऑईल शोधता शोधता मिसफायर हाती येतो.

मग ऑईलमध्ये चमकणारा रंग टाका, शंभर किलोमीटर चालवा आणि अंधारात जांभळा टॉर्च मारून वरून खाली पाहत या. ऑईल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग हा उगम धरा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, कॅमच्या टोकांची बुचं, ऑईल फिल्टरचं हाऊसिंग, टर्बोला जाणारी आणि टर्बोतून परतणारी नळी, पुढचं क्रँक सील, गिअरबॉक्सच्या बाजूचं मेन सील, ड्रेन बोल्टचं वॉशर या क्रमाने पाहा. उन्हाळ्यात एक खूण आपोआप मिळते: जांभ्याची लाल धूळ ऑईल लागलेल्या जागी चिकटून जाड थर धरते. पावसाळ्यात मात्र सगळं धुतलं जातं, तेव्हा रंगाशिवाय पर्याय नाही.

किनाऱ्याजवळच्या गाड्यांत आणखी एक जागा पाहा. पत्र्याचं ऑईल चेंबर (इंजिनाखाली ऑईल साठतं ती टाकी) खाऱ्या हवेने गंजतं, रंगाचे फुगे येतात आणि त्याखाली टाचणीएवढं भोक पडलेलं असतं. बोटाने दाबून पाहा. गाडी खाली बसवलेली असेल तर चेंबरला पोच आहे का तेही बघा.

सावधान. चेंबरचा तळ आत दबलेला असेल तर ऑईल खेचणाऱ्या जाळीची जागा अडते आणि इंजिनाला ऑईल कमी पडतं. हे खपाच्या प्रश्नाहून मोठं आहे. गाडी तिथेच थांबवा.

थांबा. गळकं सील सापडलं तरी अजून नवीन मागवू नका. ते का गळलं हे टप्पा चारमध्ये कळेल.

## टप्पा ३ : धूर कधी येतो ते लिहा

धूर येतो का यापेक्षा कधी येतो यावरून जास्त कळतं. मागच्या गाडीत मित्राला बसवा आणि मोबाईलवर चित्रण करायला सांगा. दिवसा, कोरड्या रस्त्यावर, बाकीच्या वाहनांना त्रास न देता. मी आंबा घाट वापरतो, कारण चढ, उतार आणि साखरप्याकडची सरळ वाट एकाच फेरीत मिळते.

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन मिनिटभरात गेला, तर व्हॉल्व्ह सीलकडे बोट जातं. रात्रभरात ऑईल गाईडवरून, म्हणजे व्हॉल्व्ह सरकतो त्या नळीतून, झिरपलेलं असतं. घाट गिअरमध्ये उतरून खाली अॅक्सिलरेटर दाबताच भपकारा आला, तर उतरताना सिलिंडरमध्ये तयार झालेल्या ओढीने गाईडमधून किंवा रिंगांवरून ऑईल आत खेचलं गेलं. चढाला सतत जोर लावताना धूर येत राहिला तर रिंगा, ब्रीदर किंवा टर्बो. फाटकापाशी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहिल्यावर आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं टर्बाईनकडचं सील.

पांढरी वाफ आणि निळा धूर यांत गल्लत होते, विशेषतः श्रावणातल्या सकाळी. वाफ चार पावलांत विरते. ऑईलचा धूर हवेत लोंबकळत राहतो आणि नाकाला झोंबतो. आणि धूर दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. चांगला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर गिळून टाकतो.

## टप्पा ४ : ब्रीदर, म्हणजे इंजिनाचा श्वास

माझ्या मते या लेखातला हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि हाच सर्रास वगळला जातो.

रिंगांवरून थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर काढून इनटेकमध्ये जाळायला पाठवणं हे पीसीव्ही व्हॉल्व्हचं काम. वाटेत एक गाळणी ऑईलचे कण वेगळे करून परत खाली सोडते. हा व्हॉल्व्ह बिघडला की दोनपैकी एक होतं. पडदा फाटला तर इनटेकची पूर्ण ओढ थेट चेंबरवर येते आणि ऑईल धुक्यासारखं खेचलं जातं. वाट तुंबली तर आत दाब वाढतो आणि ऑईल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं. म्हणूनच वर थांबा म्हटलं. दाब तसाच ठेवून नवीन सील बसवलं तर तेही थोड्याच दिवसांत गळतं.

पहिली परीक्षा सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवा, ऑईलचं झाकण उघडा आणि तोंडावर डॉक्टरी हातमोजा ताणून धरा. हातमोजा किंचित आत गेला किंवा जेमतेम हलला तर ठीक. फुग्यासारखा फुगला तर आत दाब आहे. झाकण उचलायलाच जोर लागत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि झाकण काढताच आवाज थांबत असेल, तर पडदा फाटल्याची दाट शंका घ्या.

दुसरी परीक्षा पारदर्शक नळीची. नळी इंग्रजी यू आकारात उभी बांधा, निम्मी पाण्याने भरा, एक टोक पट्टीच्या नळीत रबराने घट्ट बसवा, दुसरं मोकळं सोडा. आयडलवर पाणी इंजिनाकडे काही सेंटिमीटर ओढलं जाणं बऱ्याच इंजिनांत योग्य असतं. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. पाणी बाहेरच्या बाजूला ढकललं जात असेल तर वाट तुंबली आहे किंवा रिंगांवरून गॅस फार येतो आहे. कोणतं ते पुढच्या टप्प्यात ठरेल.

सावधान. पडदा फाटलेला असेल तर पाणी झपाट्याने इंजिनाकडे चढतं. नळी किमान मीटरभर उंच ठेवा, हात टोकावर ठेवा आणि पाणी चढू लागताच नळी काढून घ्या. ही परीक्षा फक्त आयडलवर करायची.

एअर फिल्टरही याच टप्प्यात पाहा. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की कागदी फिल्टर भिजतो, फुगतो आणि हवा अडवतो. मग टर्बो हवेऐवजी ब्रीदरच्या नळीतून आणि स्वतःच्या सीलमधून ऑईल ओढतो. दोन वर्षांपूर्वी एका ट्यून केलेल्या हॅचबॅकला दुसरीकडे टर्बो बदलायचा सल्ला मिळाला होता. आमच्याकडे फिल्टर काढला तर तो ओल्या पापडासारखा लिबलिबीत होता. नवीन फिल्टर आणि नवीन पीसीव्ही एवढ्यावर तिचा खप ४०० मिलीवरून १०० च्या खाली आला.

कॅच कॅन (ब्रीदरच्या नळीत ऑईल झेलणारा डबा) लावणाऱ्यांसाठी. ट्यूनिंगने बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढला की रिंगांवरून खाली येणारा गॅसही वाढतो, त्यामुळे कॅच कॅन उपयोगी पडतो. पण तो खप थांबवत नाही, फक्त इनटेककडे जाणारं ऑईल अडवतो. आपल्या दमट हवेत त्यात ऑईलपेक्षा पाणी जास्त साचतं, ताकासारखं पांढरट. पावसाळ्यात दर पाचशे किलोमीटरला तो रिकामा करा. आणि ब्रीदर उघड्यावर सोडून देऊ नका. ओढ नाहीशी होते, चेंबरमधली वाफ आतच राहते आणि प्रदूषणाच्या नियमातही ते बसत नाही.

तपासा. टप्पा दोन आणि चारमध्ये काही सापडून दुरुस्त केलं असेल, तर इथे थांबा आणि टप्पा एक पुन्हा करा. पुष्कळ गाड्यांचं काम इथेच संपतं.

## टप्पा ५ : प्लग, कॉम्प्रेशन, लीक-डाऊन

प्लग काढताना कोणता कुठल्या सिलिंडरचा ते क्रमाने मांडून ठेवा. एकच प्लग ओला, काळा किंवा राखेच्या पांढऱ्या गाठी आलेला असेल तर दोष त्या सिलिंडरचा. सगळे सारखेच असतील तर पुन्हा ब्रीदर, टर्बो किंवा सगळ्याच रिंगा.

प्लगच्या भोकातून कॅमेरा घाला आणि पिस्टनचा माथा पाहा. माथ्यावर कोरडा काळा थर आणि कडेने मात्र धुतल्यासारखी चकाकती ओली किनार, असं दिसलं तर ऑईल रिंगांवरून वर येतंय. इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूलाच ओल असेल तर गाईड-सील. भिंतीवर होनिंगच्या तिरक्या जाळीदार रेघा शाबूत आहेत का, की उभे ओरखडे आहेत, तेही बघा.

मग कॉम्प्रेशन. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, कॉइलचे कनेक्टर काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. बऱ्याच टर्बो पेट्रोल इंजिनांत १० ते १३ बार येतं. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

लीक-डाऊन करताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला हवा. हवेचा दाब आत सोडताच क्रँक झटक्याने फिरू शकते, म्हणून पाना काढून घ्या. १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर उत्तम, २० च्या वर असेल तर कान लावा. ऑईलच्या झाकणातून फुसफुस म्हणजे रिंगा, इनटेकमधून म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट.

इथे बरेच जाणकारही चुकतात. कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. दाब धरतात त्या वरच्या दोन रिंगा. भिंतीवरचं ऑईल खरवडून खाली नेते ती तिसरी. तिची बारीक भोकं कार्बनने बुजली की कॉम्प्रेशन नव्यासारखं दिसतं आणि गाडी तरीही ऑईल पिते. लांबलेल्या ऑईल बदलांच्या गाड्यांत हे खूप आढळतं.

## टप्पा ६ : टर्बो

इंटरकूलरचा होज पाईप काढून आत बोट फिरवा. पातळ तेलकट थर असतोच, त्याला घाबरू नका. पाईपच्या खोलगट भागात चमच्याने काढता येईल एवढं ऑईल साचलं असेल तरच पुढे जा.

टर्बो थंड असताना त्याचा दांडा हलवून बघा. आडवा किंचित हालतो, तो असायचाच. पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती बाहेरच्या कवचाला घासल्याची खूण असेल तर टर्बो गेला. तसं नसेल तर बदलण्याआधी त्याची परतीची नळी काढून पाहा. टर्बोतून ऑईल फक्त उताराने खाली येतं. नळी कार्बनने अर्धी बुजली, पिळली गेली किंवा पॅकिंगला लावलेला सिलिकॉन आत आला की ऑईल टर्बोत तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडतं. चेंबरमध्ये दाब असेल किंवा ऑईल खुणेच्या वर भरलेलं असेल तरी हेच होतं. नळी साफ न करता बसवलेला नवा टर्बोही ऑईल टाकतो.

## टप्पा ७ : उपाय, स्वस्तातून महागाकडे

ऑईल. आधी पुस्तकातला दर्जा पाळा. पुस्तकात दोन-तीन ग्रेड चालतात असं असेल तर त्यातला थोडा जाड निवडायला हरकत नाही, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०. उष्णतेने किती ऑईल उडून जातं याचाही आकडा असतो, त्याला नोॲक म्हणतात. ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडना अमेरिकेची एपीआय संस्था १५ टक्क्यांपर्यंत मुभा देते, तर युरोपातल्या वाहन कंपन्यांच्या एसीईए संघटनेचे ए३/बी४ आणि सी३ दर्जे १३ टक्क्यांवर थांबतात. जेवढा कमी तेवढा खप कमी. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बोला एपीआय एसपी दर्जा चांगला. २०२० साली आलेल्या या दर्जात वर सांगितलेल्या अवेळी भडक्याची चाचणी आहे. पुस्तकात नसलेलं २०डब्ल्यू-५० मात्र भरू नका. व्हॉल्व्ह टायमिंग आणि चेनचा टेन्शनर त्या जाडीसाठी बनवलेले नसतात, आणि थंड स्टार्टला ऑईल वर पोचायला उशीर होतो.

ट्यून केलेल्या किंवा छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ऑईल ५,००० ते ७,५०० किलोमीटरला बदला. अडकू लागलेल्या रिंगा नुसत्या चांगल्या ऑईलच्या दोन-तीन बदलांनी मोकळ्या होताना मी पाहिल्या आहेत. धीर धरावा लागतो.

पिस्टन भिजवणं. तिसरी रिंग बुजल्याची शंका असेल तर हेड उतरवण्याआधी हे करून बघा. इंजिन कोमट असताना प्लग काढा, सगळे पिस्टन शक्य तितके मधोमध येतील अशी क्रँक हाताने फिरवा, आणि याच कामासाठी मिळणारं क्लीनर प्रत्येक सिलिंडरमध्ये ओता. रात्रभर ठेवा, अधूनमधून क्रँक थोडी पुढे-मागे करा. सकाळी उरलेलं द्रव नळीने पूर्ण खेचून घ्या. मगच प्लगच्या भोकांवर कापड टाकून, कॉइल आणि पंपाचा फ्यूज काढलेला ठेवून, काही सेकंद स्टार्टर मारा. लगेच ऑईल आणि फिल्टर बदला.

सावधान. द्रव आत असताना प्लग लावून स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हे काम उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको, आणि नंतरच्या पहिल्या धुरासाठी गाडी घरापासून दूर न्या. खप निम्म्यावर आला तरी यश समजा.

व्हॉल्व्ह सील. हेड न उतरवता होतात. सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरला जातो आणि स्प्रिंग काढून सील बदललं जातं. गाईडमध्ये व्हॉल्व्ह डुगडुगत असेल तर मात्र नवं सीलही टिकणार नाही.

रिंगा. इथवर येऊनही खप तसाच असेल तरच इंजिन खोला. बोअरची (सिलिंडरच्या भोकाची) गोलाई आणि वरखाली फरक बोअर गेजने मोजून घ्या. न मोजता नुसतं होनिंग करून नव्या रिंगा घालणाऱ्याकडे काम देऊ नका. रिंग बोअरमध्ये ठेवून तिच्या तोंडातली फट फिलरने (पातळ मापपट्टीने) मोजा. साध्या इंजिनात बोअरच्या दर २५ मिलिमीटरला ०.१० मिलिमीटर हा जुना हिशेब आहे, वाढीव बूस्टला त्याहून थोडी जास्त लागते. पिस्टनच्या खाचेतली परतीची भोकं एकूणएक उघडी हवीत. त्या मॉडेलसाठी सुधारित पिस्टन निघाले असतील तर तेच घ्या.

नव्या रिंगा पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये बसतात. आयडलवर तासन्‌तास ठेवू नका. हातखंब्याहून पालीमार्गे साखरप्यापर्यंतचा चढउताराचा रस्ता मला यासाठी आवडतो: मध्यम जोर द्या, मग गिअरमध्येच वेग उतरू द्या, पुन्हा जोर द्या. पूर्ण बूस्ट या काळात नको.

## टप्पा ८ : चालवताना आणि नंतर

घाट जोरात चढून वर पोचलात की शेवटचे एक-दोन किलोमीटर गाडी हलकी चालवा, म्हणजे टर्बोतलं ऑईल भाजून कार्बन होणार नाही. त्यानंतर दहा मिनिटं उभ्याने इंजिन चालू ठेवायची गरज नाही. उतारावर इंजिन ब्रेकिंगने ऑईल ओढलं जातं म्हणून कुणी न्यूट्रलमध्ये घाट उतरू नये. ऑईलपेक्षा ब्रेक मोलाचे आहेत.

डिकीत तेच ऑईल एक लिटर आणि नरसाळं ठेवा. दर दुसऱ्या टाकीला पट्टी पाहा. ऑईलचा लाल दिवा दाबाचा असतो. तो पेटला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणू नका, तिथेच इंजिन बंद करा.

काढलेलं जळकं ऑईल वईच्या (कुंपणाच्या) खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. जांभा सच्छिद्र आहे, पहिल्या पावसात ते खाली झिरपतं आणि शेजारच्या विहिरीत उतरतं. झाकणाच्या डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवणाऱ्या गॅरेजात द्या. देण्याआधी वजन करून वहीत लिहा. पुढच्या ऑईल बदलाला त्याच जागी, तेवढाच वेळ निथळवून काढलेल्या ऑईलचं वजन आणि मधल्या काळात वरून घातलेलं ऑईल यांचा मेळ घातला की पट्टीपेक्षा अचूक आकडा हाती येतो.